आतून न उघडणारं दार

आमच्या स्वानेतीत राजे टिकले नाहीत.
खालून आले, घाटातल्या बर्फात घोडे घालवून
परत गेले. मग झारचा कारकून आला,
मग लाल शिक्क्याचे कागद घेऊन दोघे आले
आणि देवळाची किल्ली मागू लागले.
माझ्या बापाने, जोकियाने, सांगितलं : हरवली.
किल्ली तेव्हा मधमाश्यांच्या पेटीत होती.
त्या एका खोट्यासाठी बाप पुढे आयुष्यभर
मंगळवारीही उपाशी राहिला.

वीतभर लांब, लोखंडी.
जिभेला लावली तर रक्तासारखी लागते,
लहानपणी लावून पाहिली आहे.
ती थोरल्या मुलाकडे जाते. मुर्मानकडे गेली.
मुर्मान कुरणाच्या बांधावरून मारला गेला
आणि ती माझ्याकडे आली, बाईकडे,
कारण घेणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

देऊळ म्हणजे एक खोली. बारा माणसं उभी राहिली
की तेराव्याने बाहेर थांबायचं.
पूर्वेच्या भिंतीवर राजा बसलाय.
सिंहासन शाबूत, गादीवरचे मोती मोजता येतात,
पण चेहऱ्याची डावी बाजू ओलीने खाल्ली
आणि उचललेल्या हाताची दोन बोटं
मी लहान असतानाच गळून पडली. बापाने तो चुना
फडक्यात बांधून वेदीखाली ठेवला.
राजाची बोटं, म्हणायचा, केरात कशी टाकू?

मी शनिवारी जाते. कावळ्यांची घाण खरवडते,
मेणाचे थेंब सुरीने काढते.
वेदीमागे बाईने जायचं नाही, तिथली कोळिष्टकं तशीच.
तुझं राज्य येऊ दे, म्हणते,
आणि बाहेरून कुलूप लावताना दर वेळी वाटतं,
हा कसला राजा,
ज्याला स्वतःचं दार आतून उघडता येत नाही.

नाताळाआधीच्या उपासांत बिमुर्झा आला.
अकरा वर्षं तुरुंगात काढून, टोपी हातात.
म्हणाला, लामारा, दार उघड.
नाही म्हटलं.
दुसऱ्या दिवशी बर्फ मांडीपर्यंत. तरी आला.
म्हटलं, किल्ली हरवली.
बापाचंच वाक्य. पण कुणाला अडवायला वापरलं मी!
तिसऱ्या दिवशी तो घरापर्यंत आलाच नाही,
थेट देवळाच्या पायरीवर जाऊन बसला.
मी दूध काढलं, चीज पिळलं, खिडकीतून पाहिलं.
त्याच्या पाठीवर बर्फ साचत होता
आणि तो झटकत नव्हता.

मुर्मानच्या हाती किल्ली देताना बाप बोलला होता,
मी दिवा धरून उभी होते :
किल्लीदाराने विचारायचं नाही, कोण आलंय.
दरबार त्याचा. आपण नुसती बिजागरी.
तेव्हा मला ते गोड वाटलं होतं.
मुर्मान तेव्हा जिवंत होता.

गेले. चढावर दोनदा थांबले, एकदा दमून,
एकदा परत फिरायचं म्हणून.
कुलूप गोठलेलं. तोंडाची वाफ द्यावी लागली
वाकून, त्याच्या इतक्या जवळ
की कोटाला आलेला धुराचा वास कळला.
तो आत गेला आणि दगडावर आडवा पडला.
काय बोलला, ऐकलं नाही.
आत कुणीच नव्हतं, तरी मी
उंबऱ्याबाहेर तेरावी उभी राहिले.

मी माफ केलं, असं गावात सांगतात.
मी तसं म्हणाले नाही.
राजा तरी कुठे काय म्हणाला? भिंतीला ओल होती,
बोटं फडक्यात होती, मेणबत्ती एकच,
तीही बिमुर्झाने आणलेली, बुटकी.
पण तिच्या खालून येणाऱ्या उजेडात पहिल्यांदा दिसलं
की तो सिंहासनाला टेकलेलाच नाही.
पुढे सरकून बसलाय, उठायच्या बेतात,
अंगणात पावलं वाजली की
बाप बसायचा तसा.

आठवड्याने पाहिलं, छपरावरचा बर्फ
कुणीतरी ओढून काढला होता.
भिंतीला फावडं टेकवलेलं. आमचं नव्हतं.
गंजेल म्हणून आत घेतलं
आणि कुलूप लावलं.